शाळेच्या कॉयरमध्ये पॉप गाणं: आवाज कसा लावायचा?

आज आपण अमेरिकेतल्या हायस्कूल कॉयरबद्दल बोलू. तिथे कॉयर हा वेळापत्रकातला विषय असतो. १९६७ साली टँगलवूड इथे संगीतशिक्षणावर परिषद भरली. तिच्या जाहीरनाम्यात म्हटलं होतं की सर्व काळांतलं आणि शैलींचं संगीत अभ्यासक्रमात हवं, तरुणांचं लोकप्रिय संगीतसुद्धा. त्यानंतर गाणी शाळेत आली, पण ती गायची पद्धत बऱ्याच ठिकाणी जुनीच राहिली.

फरक कुठे पडतो ते पाहू. अभिजात कॉयरमध्ये उच्चार गोल असतात, मऊ टाळू उचललेली असते आणि सगळे आवाज एकमेकांत मिसळलेले असतात. पॉपचा आवाज बोलण्याच्या जवळचा. १९२०च्या दशकात विजेवरचा मायक्रोफोन आला आणि हळुवार गाणंही शेवटच्या रांगेपर्यंत पोचू लागलं. दुसऱ्या टोकाला आहे 'बेल्टिंग', म्हणजे उंच सुरावरही भरीव, खुला आवाज. आपल्या लावणीतला खडा आवाज आठवा, साधारण अंदाज येईल.

बेल्टिंगमध्ये स्वरतंतू प्रत्येक कंपनात जास्त वेळ मिटलेले राहतात आणि खालून हवेचा दाबही वाढतो. म्हणून नुसतं 'जोरात गा' म्हणून चालत नाही. मुलं ओरडायला लागतात. ही मुलं चौदा ते अठरा वर्षांची. काहींचा आवाज अजून फुटतोय. घसा बसला तर नुकसान त्यांचं. २००८ साली अमेरिकन अकॅडमी ऑफ टीचर्स ऑफ सिंगिंग या संस्थेनंही मांडलं की या गायनाला अभिजात गायनाहून वेगळं शिक्षण लागतं.

मग वर्गात काय करायचं? आधी ओळ नुसती बोलून घ्यायची, लांबच्या मित्राला हाक मारावी तशी. मग त्याच आवाजात ती सुरावर ठेवायची. पट्टी मुलांच्या गळ्याप्रमाणे बदलायची; मूळ रेकॉर्डिंग मोठ्या माणसाचं असतं, हे आपण विसरतो. बेल्टिंगचा सराव थोडा वेळच, आणि मधेमधे हलक्या 'हेड व्हॉइस'मध्ये गाऊन घ्यायचं. माइक असेल तर जोर लावायचा नाही. मेळ साधायचा तो लय आणि शब्दांच्या सुरुवाती-शेवटातून. सगळ्यांचा आवाज एकसारखा करायचा अट्टहास नको. दुखलं की थांबायचं. आवाज तीन-चार आठवडे घोगरा राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवायचं.

यात अभिजात गायन सोडायचं, असं आपण म्हणत नाही. पण घरी जे गाणं मुलगी मनापासून गाते, तेच वर्गात परक्या आवाजात गायला लावलं, तर तिला वाटतं आपला आवाजच चुकीचा. दोन्ही आवाज शिकवले, तर कुठे कोणता लावायचा हे तिचं तीच ठरवू शकते.

आता प्रश्न घेऊ या.