जुन्या वेब्लीची कमान

मिस्त्रींच्या बाकावर लाकडी फळीच्या खाचांतून पेचकस ओळीने उभे असतात. बाजारातला पेचकस टोकाकडे निमुळता होत जातो. स्क्रूच्या खाचेत तो तळापर्यंत बसत नाही, नुसता वरच्या कडांना टेकतो. जोर लावला की निसटतो आणि जाताना कड उचकटून जातो. म्हणून मिस्त्री प्रत्येक पेचकसाचं टोक एकेका खाचेच्या मापाने घासून, दोन्ही बाजू समांतर करून घेतात. जुनं रिव्हॉल्व्हर समोर आलं की नळीत डोकावण्याआधी ते स्क्रूंची डोकी बघतात. "ह्याला आधी कुणीतरी हात लावलाय" हे निदान बहुधा तिथंच होतं.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी हे परवानाधारक दुरुस्तीचं दुकान आहे. पीकसंरक्षणाच्या बारा बोर बंदुका घेऊन येणारे शेतकरी हेच मुख्य गिऱ्हाईक. रिव्हॉल्व्हर क्वचित येतं, आणि आलं तर बहुधा आजोबांचं. मी बसलो होतो तेव्हा एक निवृत्त बँक अधिकारी तसंच एक घेऊन आले : वेब्ली अँड स्कॉट, मार्क फोर, .३२ बोर. मिस्त्रींनी आधी परवाना मागितला आणि त्यावरचा नंबर शस्त्रावरच्या नंबराशी जुळवला. मग नळी भिंतीकडे धरून खटका दाबला, रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडलं आणि सहाही घरं रिकामी असल्याचं मालकाला दाखवलं, मलाही दाखवलं. त्याआधी कामाचा एक शब्द नाही.

हे मधोमध उघडणं हीच वेब्लीची ओळख. नळी बिजागरीवर खाली झुकते आणि मधली चांदणी वर उचलली जाऊन सहाही रिकामी काडतुसं एकदम बाहेर फेकते. बर्मिंगहॅमच्या वेब्लीचं रिव्हॉल्व्हर ब्रिटिश लष्कराने १८८७ साली स्वीकारलं. वेब्ली अँड स्कॉट हे जोडनाव १८९७ चं. पहिल्या महायुद्धात गाजलेलं मार्क सिक्स १९१५ चं. त्या लष्करी रिव्हॉल्व्हरांचा .४५५ बोर आपल्याकडे प्रतिबंधित वर्गात मोडतो. त्यामुळे घराघरांतल्या कपाटांत सापडतं ते .३२ चं धाकटं भावंड.

तक्रार साधी होती. चाप ओढला की परत पुढे येत नव्हता. मिस्त्रींनी मुठीच्या फळ्या काढल्या. आतली कमान वाकणावरच तुटलेली होती. वेब्लीची ही मुख्य कमान इंग्रजी व्ही अक्षरासारखी दुमडलेली असते. घोड्याला पुढे फेकायचं आणि चापाला जागेवर आणायचं, ही दोन्ही कामं तिच्याकडेच. एकच पट्टी दोन मालकांची चाकरी करते, म्हणून ती गेली की सगळंच ठप्प.

"नवीन मागवता येईल का?" मालकांनी विचारलं.

मिस्त्री हसले. "कुठनं मागवायची, साहेब?"

प्रश्न बरोबर होता. वेब्ली अँड स्कॉटने १९७९ मध्ये बंदुका बनवणं थांबवलं. २०२० साली उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे या नावाने .३२ ची रिव्हॉल्व्हरं बनू लागली, पण नाव जुळलं म्हणून आतले भाग जुळतीलच असं धरून चालता येत नाही. अमेरिकेत जुन्या शस्त्रांचे सुटे भाग हा राजरोस व्यापार आहे. न्यू यॉर्क राज्यातली न्यूमरिक ही कंपनी १९५० पासून त्याच धंद्यात आहे. तिथला हौशी माणूस कॅटलॉगमधल्या आकृतीत स्क्रूचा क्रमांक शोधतो आणि पैसे भरून टाकतो. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात मात्र 'शस्त्र' या व्याख्येतच शस्त्राचे भागही येतात. कमान काय, घोडा काय, पाकिटात घालून परदेशातून मागवण्याची ही वस्तू नाही. दुरुस्तीलाही त्याच कायद्याखाली वेगळा परवाना लागतो. मला ही कडक व्यवस्था जाचक वाटत नाही. सुट्या भागांतूनच अख्खं शस्त्र उभं राहतं, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं.

शिवाय भाग हाती आला तरी काम संपत नाही, सुरू होतं. या रिव्हॉल्व्हरांचे भाग कारखान्यात शेवटी कानशीने, एकेका शस्त्राला जुळवून बसवलेले. एका वेब्लीचा भाग दुसऱ्या वेब्लीत सरळ बसला तर नशीब म्हणायचं. स्क्रूंची तर आणखी वेगळी कथा. आजच्या मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंश, जुन्या इंग्रजी व्हिटवर्थचा ५५ आणि बारीक कामाच्या ब्रिटिश असोसिएशन आट्यांचा साडेसत्तेचाळीस. बंदुकांचे काही कारखाने त्यातही स्वतःचेच आटे पाडत. हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू दोन फेरे आत जातो, तिसऱ्याला अडतो. अडाणी माणूस तिथं ताकद लावतो, आणि शंभर वर्षं टिकलेलं भोक वाया जातं.

तेव्हा कमान घडवायची. मिस्त्रींनी कार्बनी पोलादाची पट्टी घेतली, तुटलेले दोन्ही तुकडे कागदावर जुळवून माप काढलं आणि कानस चालवायला बसले. कानस फक्त लांबीच्या दिशेने. आडवा ओरखडा एकही राहता कामा नये, कारण कमान दबते-सुटते तेव्हा चीर अशा आडव्या रेघेतूनच सुरू होते. जुना तुकडा भिंगाखाली धरून त्यांनी मला तुटीच्या कडेचा काळा डाग दाखवला. गंजाने आधी तिथं खड्डा केला होता. बाकी काम कमानीने स्वतःच केलं.

पट्टी तापवून, वाकवून, दोन्ही बाजू गुळगुळीत झाल्यावर पाणी द्यायची वेळ आली. मिस्त्रींनी शटर अर्धं खाली ओढलं. उन्हात तापल्या पोलादाचा रंग खोटा दिसतो. पट्टी लाल झाली आणि तेलात गेली. आता ती कडक, पण काचेसारखी ठिसूळ. खाली पडली असती तरी तुटली असती. तिला पुन्हा घासून लखलखीत केलं, आणि मग मंद आचेवर दुसऱ्यांदा तापवणं. या टप्प्यावर दुकानात कुणी बोलत नाही. गिऱ्हाईक आलं तरी उभं राहतं. पोलादावर आधी फिकट पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि साधारण ३०० अंशांना निळा. निळा पुरता पसरला की पट्टी आचेवरून बाजूला. त्याआधी काढली तर तडकते, नंतर काढली तर वाकलेली तशीच राहते. पहिली पट्टी मिस्त्रींच्या मनासारखी झाली नाही. त्यांनी ती भंगाराच्या डब्यात टाकली आणि कपाळाला आठी न घालता दुसरी घेतली.

तयार कमान त्यांनी वाइसमध्ये हळूहळू दाबली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी सोडल्यावर दोन टोकांमधलं अंतर आदल्या दिवसाएवढंच भरलं, तेव्हाच ती रिव्हॉल्व्हरमध्ये गेली.

मग सिलिंडर. घोडा सावकाश मागे ओढायचा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने सिलिंडरला किंचित अडवायचं. तरीही घोडा अडकायच्या आत प्रत्येक घर नळीसमोर येऊन घट्ट बसलं पाहिजे. एक घर जरासं मागे राहत होतं. अशा वेळी गोळी नळीच्या कडेवर घासते आणि शिशाचे कण बाजूने उडतात. सिलिंडर ढकलणारी पट्टी झिजली होती. मिस्त्रींनी ती ऐरणीवर हलके ठोकून केसभर लांबवली आणि जास्तीचं घासून टाकलं. ही युक्ती पुन्हा पुन्हा चालत नाही, हे त्यांनी मालकांना सांगितलं आणि नोंदवहीतही लिहून ठेवलं.

मालकांना वरून नवी निळी झळाळीही हवी होती. मिस्त्रींनी नकार दिला. पॉलिशच्या चाकावर कडा गोल होतात, अक्षरं आणि बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे ठसे पुसट होतात, आणि जाणकाराच्या लेखी शस्त्राची किंमत उतरते. मला त्यांचं म्हणणं पटलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गेलेल्या कितीतरी .४५५ वेब्लींचे सिलिंडर तिथली .४५ ची काडतुसं बसावीत म्हणून मागून तासले गेले. त्या काडतुसाचा दाब या चौकटीला झेपणारा नव्हे, आणि तासलेलं पोलाद परत येत नाही. मोडलं असेल तेवढंच दुरुस्त करावं, या एका नियमावर मिस्त्रींचं दुकान चालतं.

तुमच्या घरी असं काही असेल तर ते चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. गंमत म्हणून रिकामा चाप ओढू नका. परवानाधारक वारला असेल तर शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि वारसाच्या नावाने अर्ज करा. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं बाळगता येतात, हेही तपासा. आणि दुरुस्तीला नेताना परवाना बरोबर न्या. तो न मागणाऱ्या माणसाच्या हाती शस्त्र देऊ नका.