तळ्याच्या पाण्याची हजेरी

पहाटे ५.४५
अंबरनाथजवळचा काकोळ्याचा जीआयपी तलाव. वाफेच्या इंजिनांसाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने बांधलेला. उजाडायच्या आत काठ गाठायचा, कारण ऊन चढलं की बरेचसे प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, माशांची नजर चुकवत खोल उतरतात.

६.१५
पाण्याची नितळता मोजायला काळी-पांढरी सेक्की चकती दोरीने सोडते. ती दिसेनाशी होते ती खोली वहीत. मग तापमान, सामू (pH). प्राणवायू मोजायच्या बाटलीत बुडबुडा राहता कामा नये. रसायनं घातल्यावर साका तपकिरी झाला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाही.

६.४५
५० लिटर पाणी बारीक जाळीतून गाळायचं. नमुन्यात आधी थोडं साधं सोडावॉटर. त्याने रोटिफर हे इवले प्राणिप्लवक गुंगतात, अंग आखडत नाहीत. फॉर्मालिन त्यानंतर. घाई केली की नुसते गोळे उरतात, ओळख पटत नाही.

८.३०
बदलापूरकडचं एक गावतळं. सांडपाणी येतं, निर्माल्य पडतं. पाणी हिरवंगार.

११.००
प्रयोगशाळा. मोजणीच्या स्लाइडवर एक मिलिलिटर. तलावाच्या थेंबात सायक्लॉप्स, डायफानोसोमा, तऱ्हेतऱ्हेचे रोटिफर. गावतळ्याच्या थेंबात ब्रॅकिओनस या रोटिफराची झुंबड: काटेरी कवच, मागे लटकलेली अंडी. संख्या जास्त, जाती मोजक्या.

दुपारी २.३०
आकडे शेजारी मांडले की कारणं दिसतात. साबण-सांडपाण्यातून नायट्रेट, फॉस्फेट वाढतं, नील-हरित शैवाल माजतं. त्याचे लांब तंतू डायफानोसोमासारख्या क्लॅडोसेरांच्या गाळणीत अडकतात, त्यांची उपासमार होते. मोठे जीव मासे आधी टिपतात. रोटिफरांची पिढी काही दिवसांतच पुरी होते, म्हणून तेच तग धरतात. आपल्याकडच्या पावसात पाणी गढूळतं, वाहून जातं, गणती घसरते. म्हणून एका महिन्याच्या नमुन्यावर निकाल देता येत नाही, वर्षभर मोजावं लागतं.

५.००
नोंदी पुऱ्या. काकोळ्याच्याच डोंगरांतून निघणारी वालधुनी नदी अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराशेजारून उल्हासनगरात पोहोचेपर्यंत कारखान्यांच्या सांडपाण्याने काळवंडते. तळ्यांची तशी गत व्हायची नसेल, तर पालिकांनी पाणी तपासताना सामू-प्राणवायूबरोबर प्राणिप्लवकांच्या जातीही दरमहा मोजाव्यात. सामू त्या घटकेपुरतं सांगतो. आठवडाभर पाण्याने काय सोसलं ते हे जीव सांगतात. आणि आपण निर्माल्य कलशात टाकावं, कपडे काठावर धुऊ नयेत. हिरवं पाणी म्हणजे निरोगी पाणी नव्हे.