नेटवर्क बंद पडल्याची बातमी कोण देणार?

मागच्या व्याख्यानात आपण घरातला राउटर नेमकं काय काम करतो ते पाहिलं. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "आम्ही बाहेरगावी असताना घरचं नेट बंद पडलं तर कळणार कसं?" प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर दोन मिनिटांत उरकण्यासारखं नाही. म्हणून आजचा सगळा वेळ त्यालाच देऊ.

आधी एक प्रसंग सांगतो. माझ्या ओळखीचे एक औषध दुकानदार आहेत. दुकानात इन्सुलिनचा फ्रीज आहे. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं, हे तुमच्यापैकी अनेकांना घरच्या अनुभवानं माहीत असेल. त्यांनी फ्रीजमध्ये वाय-फायला जोडलेला एक तापमापक बसवला. तापमान ८ च्या वर गेलं की मोबाइलवर मेसेज. दार नीट लागलं नव्हतं तेव्हा दोन-तीनदा असा मेसेज आलाही होता, त्यामुळे यंत्रावर पूर्ण विश्वास.

एका शनिवारी रात्री दुकान बंद केल्यावर मुख्य बोर्डातला एमसीबी पडला. फ्रीज बंद, राउटरही बंद. तापमापक मात्र बॅटरीवरचा, तो बिचारा रात्रभर इमानदारीनं तापमान मोजत होता. पण सांगणार कुणाला? वाय-फायच नव्हतं. रविवारी सुट्टी. यांनी दोनदा मोबाइल पाहिला. मेसेज नाही, म्हणजे सगळं ठीक. सोमवारी शटर उघडलं तेव्हा फ्रीजमधला सगळा माल फेकायचा झाला होता.

आता बघा, इथे तापमापक बिघडला नव्हता. चूक होती ती शांततेचा अर्थ लावण्यात. "मेसेज आला नाही" याचे दोन अर्थ होतात. एक, सगळं ठीक आहे. दुसरा, सांगणाराच गेला. आणि मोबाइलच्या पडद्यावर हे दोन्ही अगदी सारखेच दिसतात! मेलेला माणूस स्वतःच्या मृत्यूची तार करू शकत नाही. नेटवर्कचंही तेच. बंद पडलेलं नेटवर्क "मी बंद पडलो" असं कुठल्या वाटेनं कळवणार? ती वाटच तर बंद पडलेली असते.

मग करायचं काय? उलटं करायचं. संकट आल्यावर ओरडायचं नाही. सगळं ठीक असताना बोलत राहायचं. पूर्वी गल्लीतून रात्री गुरखा काठी आपटत, शिट्टी वाजवत जायचा, आठवतंय? ती शिट्टी धोक्याची नसायची. "मी जागा आहे" एवढाच तिचा अर्थ. ज्या रात्री ती ऐकू यायची नाही, त्या रात्री घरातली मोठी माणसं उठून बसायची.

रेल्वेनं हे तत्त्व फार आधी ओळखलं. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन अभियंत्यानं १८७२ मध्ये ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. रुळांमधून थोडी वीज सतत वाहत असते आणि ती वाहते तोवरच सिग्नल हिरवा राहू शकतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस यांतून वीज परस्पर फिरते, पलीकडच्या रिलेपर्यंत पोचत नाही, सिग्नल लाल होतो. पण गंमत पुढे आहे. तार तुटली, बॅटरी संपली, तरीही सिग्नल लालच होतो. म्हणजे तिथे शांततेचा अर्थ "ठीक" असा नाही, "थांबा" असा आहे.

हेच आपल्या घरी कसं करायचं? दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता बाहेरून हाक मारण्याचा. इंटरनेटवरचा दुसरा एखादा संगणक दर काही मिनिटांनी तुमच्या राउटरला विचारतो, "आहेस का?" याला पिंग म्हणतात. माइक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरमध्ये हा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडीचा सोनार ध्वनी सोडून प्रतिध्वनीची वाट बघतो, त्या आवाजावरून त्यांनी त्याला पिंग हे नाव दिलं. ज्या ऑफिसकडे कायमचा सार्वजनिक आयपी पत्ता आहे, तिथे ही पद्धत उत्तम.

घरी मात्र अडचण येते. पत्ते कमी पडतात म्हणून अनेक कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. मोठ्या सोसायटीच्या गेटवर एकच पाटी आणि आत शंभर फ्लॅट, तसं. बाहेरून मारलेली हाक गेटवरच थांबते. तुमच्या राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमधल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही अशा गेटच्या आत आहात असं समजा.

म्हणून दुसरा रस्ता, गुरख्याच्या शिट्टीचा. घरातलं एखादं सतत चालू असणारं यंत्र घ्या. जुना लॅपटॉप चालेल, रास्पबेरी पाय चालेल. त्यावर क्रॉन नावाची वेळापत्रकाची सोय असते. तिच्यात सांगायचं, दर ५ मिनिटांनी अमुक वेब पत्ता एकदा उघड. तो पत्ता हेल्थचेक्ससारखी सेवा तुम्हाला देते. सेवेला सांगून ठेवायचं की ५ मिनिटांनी शिट्टी येईल. नाही आली तर आणखी १० मिनिटं वाट बघ, मग मला ई-मेल किंवा टेलिग्रामवर कळव. बस्स. बाहेरून आत कुणी यायची गरज नाही, त्यामुळे राउटरमध्ये कुठलं दार उघडून ठेवावं लागत नाही. काही राउटरच्या स्वतःच्या ॲपमध्येही "ऑफलाइन झाल्यास कळवा" असा पर्याय असतो. आधी तो शोधा.

ही १० मिनिटांची सवलत कशाला? कारण नेट मिनिटभर जातं आणि येतं. प्रत्येक वेळी मोबाइल वाजला तर लांडगा आला रे आला अशी गत होते. चौथ्या दिवशी तुम्ही तो आवाजच बंद कराल, आणि पाचव्या दिवशी खरा लांडगा येईल.

आणखी एक पथ्य. पहारेकरी त्याच छपराखाली नको. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम जवळजवळ सहा तास बंद होतं. देखभालीतल्या एका चुकीच्या आज्ञेनं कंपनीचं अंतर्गत जाळंच तुटलं, आणि दुरुस्तीसाठी लागणारी कंपनीची स्वतःची साधनंही त्याच जाळ्यावर उभी होती. आपल्याकडे ही चूक लहान प्रमाणात होते. लोक अपटाइम कुमासारखं चांगलं सॉफ्टवेअर घेतात आणि ते घरच्याच संगणकावर बसवतात. घराचं नेट गेलं की पहारेकरीही गेला.

प्रश्न: मेसेज आला तरी वीज गेली की लाइन तुटली हे कसं कळणार? मुलाला परदेशातून नेमका कुणाला फोन करायचा हेच कळत नाही.

छान प्रश्न. शिट्ट्या दोन ठेवा. राउटर आणि पहिलं यंत्र छोट्या यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर, दुसरं यंत्र साध्या प्लगवर. फक्त दुसऱ्याची शिट्टी थांबली, तर घरातली वीज गेली. दोन्ही एकदम थांबल्या, तर बहुतेक लाइनचा किंवा राउटरचा घोटाळा. पहिल्या वेळी शेजाऱ्यांना फोन, दुसऱ्या वेळी नेटवाल्याला.

आणि शेवटचं. हे सगळं बसवलंत की स्वतःच्या हातानं राउटरचा प्लग काढा. घड्याळ लावून बसा. १५ मिनिटांच्या आसपास मोबाइल वाजलाच पाहिजे, आणि तोही मोबाइल डेटावर, कारण घरचं वाय-फाय तर तुम्हीच बंद केलेलं असणार. दर महिन्याला एकदा हे करा.

आमच्या दुकानदारांनी आता तसं केलंय. तापमापक तोच, फ्रीज तोच. रोज रात्री शटर ओढल्यावर ते एकदा बघतात, शेवटची शिट्टी किती वाजता आली. ती पाच मिनिटांच्या आतली असेल तर घरी जातात, नसेल तर शटर पुन्हा वर करतात.