विश्लेषण : सर्दीत घरी केलेल्या भाज्यांच्या सूपचा खरेच उपयोग होतो का?

हवा बदलली की घराघरांत शिंका सुरू होतात. नाक चोंदलेले, घसा धरलेला, तोंडाला चव नाही. अशा वेळी ‘गरम गरम सूप करून देऊ का?’ हा प्रश्न ठरलेलाच. सूप हा शब्द स्वयंपाकघरात उशिरा आला असला, तरी मुगाचे कढण, कुळथाचे कढण, टोमॅटोचे सार हे आजाऱ्याचे खाणे म्हणून महाराष्ट्रात पूर्वीपासून दिले जाते. सूपने सर्दी बरी होते का, पाकिटातल्या सूपने तेच काम भागते का आणि आजाऱ्यासाठी सूप करताना काय सांभाळावे, याविषयी…

सूपने सर्दी बरी होते का?

नाही. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. सर्दी घडवणारे दोनशेहून अधिक विषाणू ज्ञात असून त्यांत ऱ्हायनोव्हायरसचा वाटा सर्वांत मोठा आहे. या विषाणूंना शरीराची प्रतिकारयंत्रणाच परतवते आणि बहुतेकांची सर्दी सात ते दहा दिवसांत ओसरते. सूप, काढा किंवा मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी यांपैकी कशानेही विषाणू मरत नाही. प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक्स, जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. त्यामुळे मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या सर्दीसाठी घेण्यात फायदा काहीच नाही, अपाय मात्र होऊ शकतो. बरे होईपर्यंतचे दिवस सुसह्य करणे, एवढेच खाण्यापिण्याचे काम आहे आणि ते सूप चांगले करते.

मग सूप प्यायल्यावर आराम का वाटतो?

यातला मोठा वाटा उष्णतेचा आहे. अमेरिकेतील मायामी बीच येथील संशोधकांनी 1978 मध्ये 15 निरोगी व्यक्तींवर एक छोटा प्रयोग केला. गरम पाणी किंवा गरम चिकन सूप प्यायल्यावर नाकातला चिकट स्राव पुढे सरकण्याचा वेग वाढला. थंड पाण्याने मात्र तो मंदावला. हा परिणाम अर्ध्या तासात ओसरला. म्हणूनच एकदाच वाडगाभर पिण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे पिणे सोयीचे.

ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठाच्या सर्दी संशोधन केंद्राने 2008 मध्ये सर्दी झालेल्या 30 जणांना फळांच्या रसाचे एकच पेय गरम आणि साधे अशा दोन प्रकारे दिले. गरम पेय घेणाऱ्यांना घसादुखी, थंडी वाजणे आणि थकवा यांतही लगेच आराम वाटला. साध्या पेयाने या तीन तक्रारींत फरक पडला नाही. मात्र नाकातून हवा किती मोकळी जाते हे यंत्राने मोजले, तेव्हा त्यात काही बदल दिसला नाही. म्हणजे नाक प्रत्यक्षात उघडले नव्हते, तरी माणसाला बरे वाटत होते.

भाज्यांचा उपयोग किती?

अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठातील डॉ. स्टीफन रेनार्ड यांनी घरच्या पद्धतीने केलेले चिकन सूप प्रयोगशाळेत तपासले. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सूपमुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावल्याचे दिसले. या पेशी जमल्या की दाह वाढतो. विशेष म्हणजे सूपमधल्या भाज्यांतही वेगवेगळा हाच गुण आढळला. पण हा प्रयोग काचपात्रातला होता, रुग्णांवरचा नव्हता. त्यावरून ‘भाज्यांच्या सूपने सर्दी पळते’ असे म्हणता येत नाही.

‘क’ जीवनसत्त्वाबाबतही अपेक्षा माफक ठेवावी. ते उष्णतेने बरेचसे नष्ट होते. शिवाय सर्दी सुरू झाल्यावर त्याच्या गोळ्या घेतल्याने ती लवकर बरी होते, असे ठोसपणे सिद्ध झालेले नाही. टोमॅटोतले लायकोपिन आणि गाजर-भोपळ्यातले बीटा कॅरोटिन मात्र शिजवून, थोड्या तेला-तुपाबरोबर खाल्ल्यास शरीरात अधिक चांगले शोषले जाते. त्यामुळे सूपमध्ये चमचाभर तूप घालण्याला अर्थ आहे.

पाकिटातले सूप चालेल का?

उष्णता आणि पाणी त्यातूनही मिळते. प्रश्न मिठाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. पाकिटावर मीठ नव्हे, सोडियम लिहिलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ कळते. समजा एका वाढपात 600 मिलिग्रॅम सोडियम असेल, तर मीठ दीड ग्रॅम झाले, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या 30 टक्के. दिवसातून तीनदा सूप घेणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णासाठी हा हिशेब महत्त्वाचा ठरतो.

सर्दीत आणखी एक अडचण येते. नाक चोंदल्याने वास येत नाही आणि पदार्थ अळणी लागतो, म्हणून हात मिठाकडे जातो. त्याऐवजी मिरी, आले आणि लिंबू वाढवावे. त्यांचा तिखटपणा आणि आंबटपणा वास येत नसतानाही जाणवतो.

घरी कसे करावे?

चार वाडग्यांसाठी दोन गाजरे, दोन टोमॅटो, एक कांदा, वाटीभर लाल भोपळ्याच्या किंवा दुधीच्या फोडी, अर्धी वाटी धुतलेली मूगडाळ, चार-पाच लसूण पाकळ्या आणि इंचभर आले पुरते. कुकरमध्ये चमचाभर तुपात जिरे, लसूण, आले आणि कांदा परतून घ्यावा. मग भाज्या, डाळ, पाच वाट्या पाणी आणि अर्धा चमचा मीठ घालून तीन शिट्ट्या कराव्यात. वाफ जिरल्यावर रवीने घोटले की झाले. गाळू नये, चोथ्यात तंतू असतात. मिक्सर वापरायचा असेल तर आधी निवू द्यावे, कारण गरम सूपच्या वाफेने झाकण उडून भाजू शकते. मिरपूड वाढताना घालावी आणि लिंबू गॅस बंद केल्यावर पिळावे.

सर्दी झालेल्यालाच सूप करावे लागणार असेल, तर आधी साबणाने हात धुवावेत आणि शिंक भांड्यापासून दूर, कोपरात घ्यावी. उरलेले सूप दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे. पुन्हा घेताना लागेल तेवढेच काढून चांगली उकळी आणावी.

फक्त सूपवर राहावे का?

इथेच अनेक घरांत चूक होते. नुसत्या भाज्यांच्या सूपमध्ये पाणी भरपूर, पण प्रथिने आणि उष्मांक फार कमी असतात. तरुण माणसाला दोन दिवस तसे काढता येतात. पण आधीच कमी जेवणाऱ्या वृद्धांना तीन-चार दिवस सूपवर ठेवले, तर सर्दी जाते आणि अशक्तपणा मागे राहतो. वरच्या कृतीत मूगडाळ आहे ती यासाठीच. 100 ग्रॅम मूगडाळीत साधारण 24 ग्रॅम प्रथिने असतात. सूपसोबत मऊ भात, खिचडी किंवा अंडे द्यावे आणि भूक परतताच नेहमीचे जेवण सुरू करावे.

मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांना पाणी, मीठ आणि पोटॅशियम यांचे बंधन असू शकते. त्यांनी सूप किती घ्यावे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

धाप लागणे, छातीत दुखणे, तीन दिवसांहून अधिक ताप, काही घोटही पोटात न टिकणे, लघवी खूप कमी होणे किंवा बरे वाटू लागल्यावर पुन्हा ताप चढणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांवर थांबू नये. दमा, मधुमेह असलेले, गर्भवती, वृद्ध आणि तान्ही बाळे यांच्या बाबतीत तर लवकरच दाखवावे. दहा दिवसांनंतरही सर्दी तशीच असेल, तरी तपासणी हवी.