कोथिंबिरीच्या पोटातलं घड्याळ

शाळेतला बाजार तुमच्याकडेही भरत असेल. कुणी त्याला बालबाजार म्हणतं, कुणी आनंदी बाजार. पटांगणात पोती अंथरायची, भाजी मांडायची, आणि एरवी फळ्याकडे बघून जांभया देणारी पोरं ‘घ्या ताई, ताजी ताजी!’ म्हणून घसा ताणायला लागतात.

मुळशी तालुक्यातल्या कासारसाईत असा बाजार भरलाय असं धरू. तुम्ही 5 रुपयांना एक अशा कोथिंबिरीच्या 20 जुड्या आणल्या. भांडवल 100 रुपये. सकाळी 10 रुपयांनी 12 जुड्या गेल्या. दुपारी उरलेल्या 8 माना टाकून बसल्या. गिऱ्हाईक म्हणालं, “तीनला देतोस का?” देऊन टाकल्या! 120 आणि 24 मिळून 144. म्हणजे 44 रुपये सुटले. थांबा, रिक्षाचे 20 रुपये कुणी धरायचे? राहिले 24.

जुडी तीच, मग दहाची तीन कशी झाली?

कोथिंबिरीच्या पानांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, पर्णरंध्रं. त्यांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडते. रोप जमिनीत असतं तोवर मुळं नवं पाणी पाठवतात. उपटल्यावर पुरवठा बंद, वाफ मात्र चालूच! पेशींतलं पाणी कमी होतं, त्या ढिल्या पडतात आणि पान लोळतं. जुडीच्या पोटात जणू घड्याळच चालू असतं. भाजीवाल्या मावशी जुडीवर ओलं गोणपाट टाकतात ना, ते हे घड्याळ हळू करायला.

खरं वाटत नाही? सारख्या वजनाच्या दोन जुड्या घ्या. एक ओल्या फडक्यात गुंडाळा, दुसरी उघडी ठेवा. मधल्या सुट्टीनंतर फडकं काढून दोन्ही तोला. उघडी जुडी हलकी भरेल; जे कमी झालं ते बहुतेक पाणीच. मला विचाराल तर नफा-तोट्याच्या वहीभर गणितांपेक्षा हा तराजू जास्त शिकवतो.

आता मोठं गिऱ्हाईक बघू. कासारसाई-दारुंब्रे इथं संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. तोडलेला ऊस लवकर गाळपाला जावा म्हणून सगळ्यांची धावपळ असते. कारण तोडलेला ऊस वाळून वजनाला घटतो, आणि त्यातलं एक विकर साखरेचे तुकडे करायला लागतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. गोडी राहते, पण त्यांचे साखरेसारखे दाणे पडत नाहीत. उसातून साखर कमी निघते, म्हणजेच उतारा घसरतो!

आणि भात? त्याचं घड्याळ उलटं. या भागातला लाडका इंद्रायणी वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाला. नवा तांदूळ शिजून चिकट होतो. ठेवून जुना केला की जास्त पाणी पितो, मोकळा होतो. म्हणून जुन्या तांदळाला बऱ्याचदा चढा भाव मिळतो. पण तो ठेवायला कोरडी जागा हवी, टोके आणि उंदरांचा बंदोबस्त हवा. तोही खर्चच की.

असा हिशेब करत शिकायची जागा पुणे जिल्ह्यातच आहे: शिरूर तालुक्यातलं पाबळ. अन्नतंत्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या पद्धतीनं शाळेतली मुलं शेती, वेल्डिंग, वायरिंग, स्वयंपाक हातानं करून शिकतात. वस्तू झाली की कच्च्या मालाचा आणि मजुरीचा खर्च मांडायचा. ‘मजुरी’ हा रकाना मुलं हमखास विसरतात, आणि बरीच मोठी माणसंसुद्धा!

राहता राहिल्या आपल्या त्या 8 जुड्या. तीन-तीनला विकायच्या ऐवजी घरी नेऊन कोथिंबीर वड्या केल्या तर? कारखानाही तेच करतो: न टिकणाऱ्या उसाची टिकणारी साखर. वडी साखरेइतकी टिकणार नाही, पण दुसऱ्या दिवशी डब्यातून विकता येईल. चला, भाव ठरवा. जुड्यांचे 40 रुपये, बेसन, तीळ, तेल, गॅस... आणि आईची मजुरी. ती धरली नाहीत, तर पुढच्या बाजाराला वड्या तुम्हालाच थापाव्या लागतील.