दाद चारचौघांत, इस्लाह एकांतात

मुंब्रा-कौसा किंवा कल्याणच्या उर्दू शाळेतून दहावी झालेली मुले अकरावीला ठाणे-डोंबिवलीच्या कॉलेजात जातात, तेव्हा परीक्षेपेक्षा वर्गासमोर प्रकल्प सादर करण्याची धास्ती मोठी असते. एखादी मुलगी ‘माझी पुस्तक’ म्हणते आणि मागच्या बाकांवर खसखस पिकते. ही चूक अडाणीपणाची नाही. उर्दूत ‘किताब’ स्त्रीलिंगी आहे आणि नपुंसकलिंग त्या भाषेत नाहीच. हसणाऱ्यांना हे ठाऊक नसते. ती मुलगी मात्र पुढच्या वेळी नावच देत नाही.

उर्दू आणि मराठी शिकवताना आम्ही पाहतो की, शिक्षकाच्या शेऱ्यापेक्षा वर्गमित्राचा शब्द मुलांना जास्त लागतो, आणि जास्त उपयोगीही पडतो. महाराष्ट्रात २०१० साली आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात म्हणूनच सहाध्यायी मूल्यमापनाला जागा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही प्रगतिपत्रकात त्याचा समावेश सुचवला. पण अभिप्राय द्यायचा कसा, हे मुलांना शिकवावे लागते. नाहीतर ‘छान झाले’ म्हणून विषय संपतो.

आपल्या घरांत यासाठी दोन जुने शब्द आहेत: दाद आणि इस्लाह. मुशायऱ्यात दाद सर्वांसमोर मिळते. इस्लाह मात्र उस्ताद आणि शागिर्द यांच्यातली गोष्ट. मिर्झा गालिब आपले शागिर्द मुन्शी हरगोपाल तफ्ता यांना पत्रांतून इस्लाह देत. मुलांनीही हाच रिवाज पाळावा. चांगले ते वर्गात सांगावे, भाषेची चूक मधल्या सुट्टीत हळूच सांगावी.

बोलणे नेमके हवे. ‘तुझे काही समजलेच नाही’ यातून समोरच्याला काही मिळत नाही. त्याऐवजी असे म्हणावे: ‘उल्हास नदीच्या प्रदूषणाचा तक्ता स्पष्ट होता. पण तू फळ्याकडे वळून वाचत होतास, त्यामुळे मागे ऐकू आले नाही. पुढच्या वेळी मुद्दे हातातल्या कागदावर लिहून घे.’ यात आधी चांगले काय ते आले, मग अडचण, मग उपाय. बोट कामावर ठेवले आहे, माणसावर नाही. ऐकणाऱ्यानेही लगेच सफाई देऊ नये. मुद्दा टिपून घ्यावा आणि शुक्रिया म्हणावे.

याचा सराव घरीच होऊ शकतो. मगरिबनंतर मुलाला पाच मिनिटे बोलू द्या. अम्मी-अब्बा आणि भावंडांनी प्रत्येकी एक दाद आणि एक सूचना द्यावी, टर उडवू नये. आज घरात ज्या मुलीचे बोलणे पूर्ण ऐकून घेतले जाते, ती उद्या वर्गात आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीतही गप्प बसणार नाही.