गोरेगावचं दरपत्रक आणि फोनमधला प्रचार

नोव्हेंबर 2023 मध्ये हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या दहा शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांच्या नावे निवेदन दिलं. कर्ज फेडायचं आहे, आमचे अवयव विकत घ्या. खाली दर होते : किडनी 75 हजार, यकृत 90 हजार, डोळे 25 हजार. पीक गेलं, बँकेचा तगादा आहे, अशी निवेदनं सरकारी कचेऱ्यांत नेहमीच पडून असतात. हे मात्र हातोहात राज्यभर गेलं, कारण ते दरपत्रकाच्या रूपात होतं. तीन ओळी, तीन आकडे. फोटो उघडताच सगळं कळतं, समजावून सांगायला कोणी लागत नाही.

त्या दहा जणांचं दुःख खरं होतं आणि ते आपल्या नावानिशी पुढे आले होते. राजकीय पक्षांची सोशल मीडिया टीम असाच फोनच्या पडद्यावर मावणारा मजकूर मुद्दाम घडवते, फक्त तिथे घडवणाऱ्याचं नाव नसतं.

सुरुवात मुद्द्यापासून होते. आज काय चालवायचं हे सकाळी वर ठरतं. मग ‘क्रिएटिव्ह’ बनतं, म्हणजे चित्र, रील किंवा ऑडिओ क्लिप. एकच क्रिएटिव्ह सगळीकडे चालत नाही. हिंगोली लोकसभा मतदारसंघ तीन जिल्ह्यांत पसरलाय : हिंगोली, वसमत, कळमनुरी हिंगोली जिल्ह्यात, हदगाव-किनवट नांदेडात, उमरखेड यवतमाळात. वसमतला हळदीचा भाव बोलावा लागतो, सेनगावला सोयाबीन आणि पीकविमा, बंजारा तांड्यांवर गोरमाटी बोलीतला आवाज. म्हणून मूळ मजकूर तोच ठेवून वरची ओळ बदलतात.

एक्सवरचा ‘ट्रेंड’ हा वेगळा उद्योग. हॅशटॅग आणि तयार वाक्यांची यादी आधीच वाटून ठेवतात, वेळ ठरवतात आणि त्या तासात सगळे एकदम पोस्ट करतात. सेनगावात एक्स पाहणारे असे कितीसे? पण ट्रेंडचा स्क्रीनशॉट बातमीला लागतो आणि ती बातमी पुन्हा व्हॉट्सॲपवर येते. ती पाहणाऱ्याला वाटतं, सगळा महाराष्ट्र हेच बोलतोय.

खरं काम व्हॉट्सॲपवरच होतं. जिल्ह्याच्या ग्रुपवरून तालुका, तिथून सर्कल, मग गाव आणि बूथ, अशी उतरंड असते. पक्षाच्या ग्रुपात सगळे आपलेच, तिथे टाकून मत वाढत नाही. म्हणून शेवटचा कार्यकर्ता मेसेज भावकीच्या, दहावीच्या बॅचच्या, भजनी मंडळाच्या ग्रुपवर नेतो आणि वर स्वतःची ओळ लिहितो, ‘भाऊ, हे जरा बघा’. माझ्या मते सगळ्या मोहिमेत सर्वांत वजनदार तीच ओळ. वाचणारा पक्षावर नाही, त्या माणसावर विश्वास ठेवतो. खोटं पसरतं तेही याच विश्वासावर. निकाल कधी कधी थोडक्याच मतांवर ठरतो : 2014 साली काँग्रेसचे राजीव सातव हिंगोलीतून 1,632 मतांनी निवडून आले. आज व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात 1,024 जण बसतात, म्हणजे ते मताधिक्य दोन ग्रुपांत मावलं असतं.

ओळखीच्या माणसावरच्या या विश्वासाचं भयंकर रूप 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनवर फिरत होती. जमावाने भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. एप्रिल 2020 पासून, खूपदा फिरलेला, दुहेरी बाण दिसणारा मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो.

मोहीमवाल्यांनी त्यातूनही वाट काढली. चित्र फोनमध्ये साठवून नव्याने टाकलं की बाण गायब, मेसेज ताजा. म्हणूनच ‘डाउनलोड करून टाका, फॉरवर्ड करू नका’ असं सांगतात. दुसरी वाट स्टेटसची. कार्यकर्त्यांना क्रिएटिव्ह पाठवून ठरल्या वेळी स्टेटस ठेवायला लावतात. ज्यांनी आणि कार्यकर्त्याने एकमेकांचे नंबर साठवलेले आहेत, त्यांना ते आपसूक दिसतं आणि कोणी कोणी पाहिलं, तेही बहुतेक वेळा कार्यकर्त्याला कळतं.

निवडणुकीत जिल्ह्याची माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती सोशल मीडियावरच्या जाहिराती आधी तपासते. पण एखाद्याने स्वतःच्या खात्यावर टाकलेल्या पोस्टला प्रमाणपत्र लागत नाही. स्टेटस तर 24 तासांत आपोआप निघून जातं. कोणाला तक्रार करायची असेल, तर स्क्रीनशॉट त्याआधीच काढून ठेवावा लागतो, तारीख, वेळ आणि नंबर दिसेल असा.